कमी बोलणारी शेगडी

माझ्या मुलीचं, शालनचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नपत्रिका अजून पेटीत आहे. तिच्यावर ८ मे १९८८, रविवार, असं छापलंय. छापखान्यातून आली तेव्हा मी ती उलटी धरून ‘छान आहे’ म्हणालो होतो. त्याच वर्षी, नोव्हेंबर संपता संपता, मी वसईजवळच्या गास गावात कार्मेलीन टीचरच्या अंगणात चार शेगड्या ओळीनं मांडून उभा होतो, आणि टीचरना त्यातली एकही पसंत पडत नव्हती.

मी मूळचा जुन्नरकडचा. वसईला आलो तो विहिरी खणायच्या कामावर, आणि राहिलो स्टोच्या धंद्यात. पापडी गावच्या बाजारात माझी टपरी होती. स्टोला पिन मारणं, वायसर बदलणं, टाकीला डाग देणं, कुणाला लग्नाच्या पंगतीसाठी मोठी शेगडी लागली तर ती बनवून देणं, हे माझं काम. हातांना सगळं कळायचं. डोळ्यांना अक्षर मात्र एक कळत नव्हतं. हे बायकोला माहीत होतं, शालनला माहीत होतं, बाकी कुणाला मी कळू दिलं नव्हतं. गिऱ्हाइकानं चिठ्ठी दिली की मी ती कपाळाला आठ्या घालून बघायचो आणि म्हणायचो, “तोंडानं सांगा, अक्षर लागत नाही तुमचं.” लोक ओशाळायचे आणि सांगायचे.

कार्मेलीन टीचर म्हणजे तुस्कानो टीचर. चर्चच्या शाळेत छत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग. गावात पन्नाशीच्या आतलं क्वचितच कुणी असेल ज्याचा कान त्यांनी धरला नव्हता. आजूबाजूचे त्यांच्या बोलीत बोलायचे, पण टीचर माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलायच्या, अगदी पूर्णविरामासकट. नवरा इनास वारल्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मुलगा वॅलेरियन मालाडला, बँकेत. घरात त्या एकट्या, मागे केळीची वाडी आणि बावखल, म्हणजे वाडीला पाणी देणारं लहानसं तळं, पुढे अंगणात एक जुना चाफा.

दर नाताळाला त्या एक टोप आल्याची वाइन करायच्या. एकच टोप, पंधरा लिटरचा. इनासच्या आईची रीत होती. जव भाजून उकळायचा, त्यात ठेचलेलं आलं, दालचिनी, लवंग, साखर, रंगाला थोडी करपवलेली साखर. गार झालं की बेकरीतलं यीस्ट घालून चिनी मातीच्या बरणीत भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं आणि एकवीस दिवस तिच्याकडे बघायचं नाही. नाताळाला गाळायची. एक बाटली फादरना, एक डॉक्टरांना, एक शेजारच्या केळीवाल्याला. मला दर वर्षी एक यायची. आमच्या घरी ती खोकल्यावर चालते असं बायकोला सांगितलं होतं, आणि त्या महिन्यात माझा खोकला जात नसे.

पण आदल्या वर्षी वाइन झाली नाही. टोप बुडाला लागला, सगळा जव करपला, केळींच्या मुळाशी ओतावा लागला. टीचर म्हणाल्या लाकडं ओली होती. वॅलेरियन काही म्हणाला नाही, पण पुढच्या गणपतीच्या सुट्टीत येऊन त्यानं सांगून टाकलं होतं. ते टीचरनीच मला त्या दिवशी अंगणात सांगितलं, शेगड्या बघता बघता, जणू भाजीचा भाव सांगावा तसं.

“तो म्हणतो, या नाताळाला बघू. घर, फराळ, वाइन, सगळं नेहमीसारखं तुझ्या हातून झालं, तर मी विषय काढणार नाही. नाही झालं, तर जानेवारीत घराला कुलूप आणि तू मालाडला.”

“मालाड वाईट नाही, टीचर.”

“तिसरा मजला आहे. खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्याच्या खिडकीत जातो. मी इथून जाणार नाही, गेनू. तू शेगडी नीट बघून दे. लाकडं मला आता नकोत. आणि घरातल्या ओट्यावर पंधरा लिटरचा टोप मला चढवता येत नाही. इथे, जमिनीवर, बाहेर पाहिजे.”

म्हणून चार शेगड्या. हातगाडीवर घालून मी त्या पापडीहून आणल्या होत्या.

पहिली भुशाची. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासायचा, मग बाटली अलगद ओढून काढायची. मधलं भोक खालून पेटवलं की चार तास एकसारखी धग देते, ना धूर ना आवाज. मी ती पेटवली. टीचर खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि त्यांनी डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

“गुणी आहे,” त्या म्हणाल्या. “पण हिला थांब म्हटलं तर थांबते का?”

“नाही. भुसा संपेपर्यंत चालायची.”

“मग नको. न थांबणारी मुलं मी खूप पाहिली.”

दुसरी पंपाची, रॉकेलवर चालणारी, हलवाई वापरतात तसली. ती माझी आवडती. माझ्या हातची होती आणि त्यात मला चार पैसे सुटणार होते, हेही खरं. पंप मारून पेटवली तशी ती गरजायला लागली. चाफ्याखाली झोपलेलं कुत्रं उठून वाडीत निघून गेलं. मी मोठ्यानं सांगत होतो की हिच्यावर टोप वीस मिनिटांत खळखळेल. टीचरनी हात वर केला, वर्ग गप्प करायला करत असतील तसा.

“बंद कर. ही फार बोलते. हिच्या तोंडापुढे मला टोपाचं काही ऐकू येणार नाही.”

“टोपाचं काय ऐकायचं, टीचर? बघायचं.”

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, “टोप आधी कुजबुजतो. मग पाढे म्हणतो. मग मधली सुट्टी होते. मधली सुट्टी झाली की उतू जातो. पाढे चालू असतानाच आच कमी करायची. हे ऐकूनच करायचं असतं. माझ्या सासूबाई पाठ करून बसायच्या टोपाकडे.”

मला ते पटलं. जुन्या बायकांच्या रीती असतात.

तिसरा वातींचा स्टो. आवाज नाही, पण वाती वरखाली झाल्या तर काजळी धरतो. टीचरनी विचारलं, वाती वरखाली झाल्या हे कसं कळतं. मी म्हणालो, ज्योत पिवळी पडते. त्यांनी तोही बाजूला केला.

चौथी गॅसची. बिडाची, तीन पायांची, बारीक भोकांची बैठी शेगडी. मुंबईहून आणलेली, नवी, खोक्यातली. घरात सिलिंडर होताच, वॅलेरियननं घेऊन दिलेला. खिडकीतून नळी काढून जोडली. काडी लावली आणि मागे सरलो. टीचर डोळे मिटून बसल्या होत्या, चर्चमध्ये बसतात तशा. बराच वेळ गेला.

“पेटलीय का?” त्यांनी विचारलं.

मी हसलो. “पेटलीय की. निळी ज्योत आहे ना, उन्हात दिसत नाही.”

“हो. उन्हात दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “हीच दे.”

खोक्यात एक कागद होता, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. त्यांच्या हाताला तो लागला. त्यांनी तो काढला, उलगडला आणि माझ्यापुढे धरला.

“वाच बघू काय लिहिलंय.”

मी म्हणालो, “तुम्ही टीचर. तुमच्यापुढे मी काय वाचू? तुम्हीच वाचा.”

“माझा चष्मा आत राहिलाय.”

“माझा दुकानात राहिलाय.”

“तुला चष्मा कधी लागला?”

“दिवाळीत.”

कागद आमच्या दोघांच्या मध्ये वाऱ्यानं फडफडत राहिला. चष्मा आणायला आत त्याही गेल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं, मी सुटलो. शेवटी त्यांनी तो चार घड्या करून माझ्या हातात दिला. “घरी नेऊन वाच. काही महत्त्वाचं असेल तर सांगायला ये. मी शनिवारी टोप चढवणार आहे.”

मी तो सदऱ्याच्या खिशात घातला. त्या दिवशी मंगळवार होता.

जाण्याआधी वाऱ्याचं बोलणं निघालं. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, ज्योत हलेल. मी म्हणालो, त्याचं मी बघतो. तेलाचा रिकामा डबा कापून, ठोकून सरळ करून, मी शेगडीभोवती पत्र्याचा गोल आडोसा बनवला. चारही बाजूंनी बंद, खाली जमिनीला टेकलेला, कुठे फट नाही, फक्त गॅस चालू-बंद करायच्या खटक्यापाशी हात जाईल एवढी खिडकी. काम झकास झालं होतं. पुढे सरकताना अंगणात बांधलेली एक दोरी मला आडवी आली. पडवीच्या खांबापासून चाफ्यापर्यंत, कमरेच्या उंचीला. वर एक कपडा नव्हता. मी ती सोडायला लागलो तर टीचर एकदम कडक आवाजात म्हणाल्या, “दोरीला हात लावू नकोस.” कपडे वाळत घालायची दोरी एवढी खाली कशाला, असं मनात आलं आणि गेलं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार कागद खिशात राहिला. शालन त्या आठवड्यात माहेरी आली होती. पाचवा महिना होता, डॉक्टरीणबाईंनी विश्रांती सांगितली होती. ती सातवी शिकलेली. रोज रात्री जेवताना मला वाटायचं, हिला कागद द्यावा. पण जावई सोडायला आलेले होते, ते ओसरीवर बसलेले असायचे, आणि मुलगी आपल्याला वाचून दाखवतेय हे जावयासमोर नको वाटायचं. शेगडी म्हणजे शेगडी. तिच्यात न समजण्यासारखं काय असणार? वीस वर्षं हेच केलं होतं मी.

शनिवारी सकाळी जावई परत गेले. शालननं माझा सदरा धुवायला घेतला आणि खिशातून कागद काढला. नळाखाली उभी राहून तिनंच विचारलं, “आबा, हे काय? ठेवायचंय का?”

“वाच जरा,” मी म्हणालो. आता कुणी नव्हतं.

तिनं हात पुसले आणि शाळेत वाचतात तसं वाचायला सुरुवात केली. पहिलं कलम नळीचं. दुसरं खटक्याचं. तिसरं साफसफाईचं. चौथं असं होतं, आणि हे मला आजही शब्द न शब्द येतं, कारण पुढे ते मी स्वतः शंभर वेळा वाचलं: “शेगडीभोवती चारही बाजूंनी बंद आडोसा करू नये. गॅस हवेपेक्षा जड असतो व खाली साचतो. वाऱ्याने ज्योत विझल्यास खटका बंद करावा आणि पाच मिनिटे थांबूनच पुन्हा काडी लावावी.”

मी म्हणालो, “परत वाच.” तिनं परत वाचलं. मी सायकल काढली. अंगात बनियन होतं, तसाच.

पापडीहून गास फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. टीचरच्या फाटकातून मी सायकल आडवी टाकून आत शिरलो. सगळीकडे आल्याचा, लवंगेचा वास दाटला होता. त्या वासात दुसरा कुठलाही वास कुणाला आला नसता. टीचर खुर्चीवर बसून लाकडी उलथन्यानं टोप हळूहळू ढवळत होत्या. चेहरा शांत होता, जरासा वैतागलेला. टोपातून वाफ येत होती, पण पाणी हलत नव्हतं.

मी पत्र्याच्या खिडकीतून आत पाहिलं. ज्योत नव्हती. खटका उघडा होता.

आणि टीचरनी उलथनं खाली ठेवून मांडीवरची काड्यापेटी उचलली. “वर्ग गप्प झाला,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि काडी काढली.

मी ओरडलो असेन, मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी त्यांचा हात धरला आणि काडी माझ्या मुठीत मोडली. खटका फिरवला. पत्र्याचा आडोसा लाथेनं उडवला, तो खणखणत बावखलापर्यंत गेला. मग टीचरना खांद्याला धरून पडवीत आणलं. येताना त्यांचा हात हवेत काहीतरी शोधत होता. त्याला ती दोरी सापडली आणि मग त्या नीट चालल्या.

पडवीत बसल्यावर मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या कानाच्या जरा वर.

“कोण, गेनू ना?”

“हो, टीचर.”

“काय झालं?”

मी सांगितलं. ज्योत विझली होती. गॅस साचला होता. काडी लागली असती तर माझ्या त्या आडोशातून जाळ थेट त्यांच्या तोंडावर आला असता. “आणि हे सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं. चार दिवस माझ्या खिशात होता.”

“मग सांगायला का आला नाहीस?”

आता खोटं काय बोलणार? अंगात बनियन, हातात मोडकी काडी. “मला वाचता येत नाही, टीचर. कधीच येत नव्हतं.”

लांबून वाडीत कुणीतरी मोटार सुरू केल्याचा आवाज आला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

“म्हणजे त्या दिवशी आपण दोघं तो कागद एकमेकांच्या तोंडापुढे नाचवत होतो.”

“तुम्ही तर शिकलेल्या.”

“मला दिसत नाही, गेनू. काचबिंदू. दोन वर्षं झाली. उजेड कळतो, सावली कळते. गेल्या नाताळाला लाकडाच्या चुलीवर पदर पेटला होता. तो विझवण्यात टोप लागला. वॅलेरियनला मी लाकडं ओली म्हणून सांगितलं.” त्यांनी पदराचं टोक चाचपून पाहिलं, जणू अजून तोच पदर आहे. “त्याला कळलं तर तो मला एक दिवस इथे ठेवणार नाही. आणि त्याचंही बरोबरच आहे. पण इथे मला विहिरीपर्यंत पावलं माहीत आहेत. सतरा. तिथे तिसऱ्या मजल्यावर मी खुर्चीत बसून राहीन, आणि लोक मला उचलून ठेवतील.”

पाच मिनिटं कधीच झाली होती. मी म्हणालो, टोप गार होतोय.

“कुणाला सांगणार आहेस?”

“कुणाला सांगू? मला वाचता येत नाही हे तुम्ही कुणाला सांगणार आहात?”

“नाही.”

“मग झालं.”

तो सगळा दिवस मी तिथेच राहिलो. आता खरी शेगडी निवडायची होती, आणि ती बाजारात मिळणारी नव्हती. भुशाची थांबत नाही, पंपाची फार बोलते, आणि ही गॅसची इतकी गप्प की मेली तरी कळत नाही. मी तिच्या मानेपाशी असलेली हवेची चकती सैल केली. चकती उघडावी तशी हवा जास्त जाते आणि ज्योत सुस्कारते. मी काडी लावली आणि टीचरना दोरीवरून खुर्चीत आणून बसवलं. चकती थोडी उघडायची, विचारायचं. “ऐकू येतंय?” “नाही.” आणखी थोडी. “आता?” “आता येतंय, पण टोपाचं ऐकू येईनासं झालं.” जरा मागे. असं करता करता दुपार झाली. शेवटी एका जागी त्या म्हणाल्या, “हं. आता कुणीतरी शेजारी बसून नाकानं श्वास घेतंय.” टपरीवरून हत्यारं मागवून मी तिथेच चकती डाग देऊन पक्की करून टाकली. आडोसा नवा केला, तीन बाजूंचा, जमिनीपासून चार बोटं वर, खाली भोकं पाडलेला.

टोप पुन्हा चढला. दोघंही गप्प बसून ऐकत राहिलो. श्वास चालू होता. कुजबुज झाली. मग पाढे. मला पहिल्यांदाच ते कानानं कळलं. टीचरनी आडोशाच्या उघड्या बाजूनं हात घालून खटका बरोब्बर तेवढाच फिरवला.

नाताळाच्या दिवशी त्यांनी आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं, मला, बायकोला, शालनला. वॅलेरियन, त्याची बायको आणि दोन मुलं आदल्या दिवशीच आली होती. घर लखलखीत होतं. फराळाची ताटं मांडलेली. टीचर स्वतः बरणीतली वाइन पेल्यांत ओतत होत्या. पेल्याच्या आतून एक बोट कडेला टेकवून, ते ओलं झालं की थांबायचं. माहीत नसेल त्याला वाटावं, पेला नीट धरलाय.

वॅलेरियननं एक घोट घेतला, पेला उजेडाकडे धरला, आणखी एक घोट घेतला. “मम्मी, आजीच्या हातची अशी असायची,” तो म्हणाला. टीचर वळून दुसरा पेला आणायला स्वयंपाकघराकडे निघाल्या. वाटेत मुलांनी खेळता खेळता एक बुटका वेताचा मोडा आणून ठेवला होता. दोन पावलांवर होता. मी पायानं तो भिंतीकडे सरकवला. टीचर सरळ निघून गेल्या. मान वर केली तर वॅलेरियन माझ्याकडे बघत होता.

निघताना तो आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आला. बायको आणि शालन पुढे गेल्या. तो म्हणाला, “गेनूभाऊ, एक खरं सांगा. मम्मी ठीक आहे ना? तुम्ही हल्ली बऱ्याचदा येता म्हणे. केळीवाले सांगत होते. दर एक-दोन दिवसांनी तुमची सायकल असते. कशासाठी?”

खरं म्हणजे मी चकती बघायला यायचो, विहिरीचं पाणी काढून ठेवायचो, अंगणात कुणी काही टाकलं असेल तर उचलायचो. हे सांगितलं की पुढचं सगळं सांगावं लागणार होतं. माझ्यामागे पडवीत टीचर उभ्या होत्या, खांबाला हात टेकून. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत असणार. त्यांना सगळंच ऐकू यायचं.

मी म्हणालो, “शिकायला येतो.”

“काय शिकायला?”

“अक्षरं. मला लिहितावाचता येत नाही. या वयात कुणाला सांगायची लाज वाटते. टीचर शिकवतात.”

एका टीचर सोडल्या तर पंचेचाळीस वर्षं मी हे वाक्य तोंडातून निघू दिलं नव्हतं. पुढे रस्त्यावर माझी बायको थबकलेली मला दिसली. वॅलेरियननं एकदा पडवीकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा सैल झाला. “मम्मीला विद्यार्थी मिळाला म्हणजे,” तो म्हणाला. “मग ती इथून हलत नाही.” आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. जानेवारीत घराला कुलूप लागलं नाही. त्यानं विषयही काढला नाही, कबूल केल्याप्रमाणे. त्याला त्या दिवशी काय कळलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी टीचरना सांगायला गेलो की असं असं बोलून बसलोय. त्या सुपात उरलेला जव निवडत होत्या, बोटांनी.

“ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “माझ्या अंगणात उभा राहून खोटं बोललास. आता ते खरं करावं लागेल. बस.”

त्यांनी जव सुपात सारखा पसरला, माझं तर्जनीचं बोट धरलं आणि त्या जवावरून फिरवलं. आधी एक उभी रेघ, मग तिच्या डावीकडे एक आखूड दांडी. “हा ग. गेनूचा. पुरता नाही आला अजून, फक्त काना आणि दांडी आलीय. शेपूट तू दे.” मी शेपूट दिलं. त्यांनी हातानं चाचपून पाहिलं. “उलटं दिलंस. पूस.”

असं सहा वर्षं चाललं. त्यांना माझं अक्षर दिसायचं नाही, पण जवातल्या चरातून बोट फिरवून चूक सापडायची. नंतर नंतर पाटीवर मी लिहायचो आणि लिहिताना पेन्सिलीचा आवाज ऐकून त्या म्हणायच्या, “वेलांटी विसरलास.” पहिलं पुस्तक म्हणून त्यांनी मला तोच शेगडीचा कागद लावला. सगळा वाचून होईपर्यंत ईस्टर आला. चौथ्या कलमाशी मी अडकलो की त्या म्हणायच्या, “इथे अडकू नकोस, इथे आपण एकदा अडकलोय.” बदल्यात मी त्यांना त्यांची आलेली पत्रं वाचून दाखवायचो, आधी अडखळत, मग सरळ. वॅलेरियनचीसुद्धा.

सात नाताळांत त्या शेगडीवर सात टोप झाले. एकही लागला नाही. पुढे चकतीचा डाग दोनदा उखडला, दोनदा मी तो परत दिला, तेवढाच श्वास ठेवून. शेवटच्या वर्षी त्यांना खुर्चीत फार वेळ बसवत नव्हतं. त्या आत खिडकीपाशी पलंगावर पडून ऐकायच्या आणि मी बाहेर खटक्यापाशी बसायचो. “पाढे सुरू झाले, गेनू.” “हो, टीचर.” “कमी कर.” मी कमी करायचो.

शेगडी आता माझ्याकडे आहे. वॅलेरियननं दिली.

कार्मेलीन इनास तुस्कानो १९ फेब्रुवारी १९९५ रोजी, रविवारी सकाळी, गासच्या आपल्या घरी वारल्या.